आधी नऊ ते पंधरा, मग बाकीचं

वसई, जि. पालघर

चि. चिमणीस,



परवा ताईचा फोन आला होता. आवाजात काळजी. म्हणाली, "पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते आणि विचारलं तर म्हणते, यादी करतेय." मला वाटलं, नोकरीच्या अर्जांची यादी असेल. शिक्षण संपत आलं की तुम्हा मुलांना तेच वेध लागतात. मग संध्याकाळी तुझा तो तक्ता आला. मार्व्हलच्या स्पायडर-व्हर्स या कॉमिक्सचे झाडून सगळे अंक, महिनावार, तीन रंगांत रंगवलेले, बाण काढून एकमेकांना जोडलेले, आणि खाली तुझी ओळ: "मावशी, तू दादाचे अंक वाचलेस ना? मग हा क्रम बरोबर आहे का ते सांग."

क्रम बरोबर आहे, राणी. एक-दोन ठिकाणी वर-खाली करता येईल, पण चूक म्हणावी असं काही नाही. माझी काळजी वेगळीच आहे. तक्त्याच्या कोपऱ्यात तू तारीख घातली आहेस ती महिन्यापूर्वीची, आणि 'वाचून झाले' म्हणून जो रकाना आखला आहेस तो वरपासून खालपर्यंत कोरा. महिनाभर मुलगी क्रम लावतेय आणि वाचलं काहीच नाही! तिकडे परदेशात चार वाजता अंधार पडतो म्हणतेस, खोलीत एकटी असतेस, अशा वेळी चांगली गोष्ट हाताशी असून ती न वाचता तिचे कागद लावत बसायचं, हे मला बरं वाटलं नाही. म्हणून फोन न करता पत्रच लिहायला घेतलं. फोनवर तू "हो गं मावशी, हो गं" म्हणतेस आणि विसरतेस.

मी नोकरीभर शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली, तेव्हा क्रमाबद्दल दोन शब्द बोलायचा मला हक्क आहे. कपाटात लावायचा क्रम एक आणि वाचायचा क्रम दुसरा. कपाटातला क्रम शोधणाऱ्यासाठी असतो, एखादं पुस्तक जागेवर नसलं तर लगेच कळावं म्हणून. वाचणाऱ्याला त्याचं काय करायचंय? तू केलेला तक्ता कपाटाचा आहे. उत्तम आहे, जपून ठेव, पण आत्ता बंद कर.

आणि २०१४ सालच्या 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा नववा अंक उघड. तिथून पंधराव्यापर्यंत सरळ वाचत जा. सात अंक आहेत. डॅन स्लॉटने मुख्य गोष्ट तेवढ्यातच ठेवली आहे. मॉर्लन आणि त्याचं ते खादाड घराणं, इनहेरिटर्स, एका जगातून दुसऱ्या जगात जाऊन तिथल्या तिथल्या स्पायडरमॅनचा फडशा पाडत सुटलंय, आणि उरलेले सगळे जीव वाचवायला एकत्र येतात. चौदाव्यात लढाई संपते, पंधराव्यात निरवानिरव. वाटेत चौकटीच्या कोपऱ्यात टिपा येतील की, हे नीट कळायला अमुक मालिकेचा तमुक अंक पाहा. त्या टिपांकडे बघायचंसुद्धा नाही. तू लहानपणी जेवताना ताटातलं एकेक वेगळं करून, कशाला काही लागू न देता खायचीस, त्यामुळे तुला हे जड जाईल ते मला माहीत आहे. तरी ऐक माझं.

काही कळणार नाही अशी भीती वाटते ना? कळतं गं. आम्ही कुठे काय क्रमाने वाचलं होतं? तेव्हा आम्ही गावातच, झेंडा बाजाराच्या बाजूला राहायचो. एका दुकानात दोरीवर इंद्रजाल कॉमिक्स टांगलेली असायची, भाड्याने मिळायची, दुसऱ्या दिवशी परत. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, पहिला अंक वेताळाच्या पट्ट्याचा. मी वाचायला लागले तोवर अंकांची शंभरी कधीच उलटून गेली होती. वेताळ, मँड्रेक, पुढे आबिद सुरतींचा बहादूर. मोठी गोष्ट असली की ती दोन अंकांत तोडायचे, आणि दुकानात बहुतेक वेळा दुसरा भागच शिल्लक असायचा. ताई आणि मी दुसरा भाग आधी वाचायचो आणि पहिल्यात काय झालं असेल यावर पैजा लावायचो. ताई बहुतेक जिंकायची. आज ती तुझ्या जागरणाची काळजी करते, पण कंदिलाच्या उजेडात पांघरुणात वेताळ वाचणारी तीच होती, एवढं तिला माझ्या नावाने सांगायला हरकत नाही.

वेताळाचा क्रम लावायला बसलो असतो तर आमचं बालपण त्यातच संपलं असतं. ली फॉकने १९३६ मध्ये वर्तमानपत्रात तो सुरू केला. पुढे रोजच्या पट्टीत एक गोष्ट चालायची आणि रविवारच्या पानावर दुसरीच. इंद्रजालवाल्यांनी त्यातलं कधी जुनं उचललं, कधी नवं, आणि पानांत बसवण्यासाठी कापलंही. एका अंकातला वेताळ विल्सन मॅककॉयच्या साध्या, ठसठशीत रेघांचा, तर दुसऱ्यातला साय बॅरीचा, भरदार, मागे जंगलाचं पान न् पान काढलेलं. ही नावं आम्हाला फार उशिरा कळली, पण हात वेगळा आहे हे दिसायचं आणि त्यावरून गोष्ट जुनी की नवी याचा अंदाज यायचा. १९७७ मध्ये वेताळाचं डायनाशी लग्न झालं तेव्हा मँड्रेक पाहुणा म्हणून हजर होता. दोघेही ली फॉकचेच, त्यामुळे घरचं कार्य. दोन मालिकांची अशी गाठ पडली, पण त्यासाठी कुणाला वीस अंक जास्त घ्यावे लागले नाहीत.

आणखी एक गंमत सांगते. इंद्रजालचे १२३ आणि १२४ या क्रमांकांचे अंक निघालेच नाहीत, तेव्हा छापणाऱ्यांकडे संप चालला होता. जुने अंक जमवायला नव्याने लागलेला माणूस ते दोन शोधत रद्दीवाल्यांकडे फिरतो आणि आपला संच अपुरा म्हणून हळहळतो. पुढे तर सलग क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी मोजणी सुरू झाली. क्रमाच्या मागे लागलेल्यांचे असे हाल होतात बघ.

किल्ल्यात गेलो की आमचा खेळ ठरलेला. वेताळाच्या घराण्याची सुरुवात फॉकने १५३६ सालची धरली आहे. चाचे जहाजावर हल्ला करतात, एकच मुलगा किनाऱ्याला लागतो, वगैरे. आणि वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली ती १५३४ च्या तहाने. आम्हाला दोन वर्षांचा फरक काय, आमच्या लेखी चाच्यांची गलबतं वसईच्या खाडीतच होती आणि कवटीची गुहा पडक्या चर्चच्या मागे. हल्ली तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला इतकी गर्दी असते की वेताळालाही जागा मिळायची नाही. असो, कुठून कुठे गेले मी.

दुसरी गोष्ट जास्त नीट ऐक, कारण हिच्यात पैसे जातात. नुसता क्रमांक बघून कुठलाही अंक विकत घेऊ नकोस. साल बघ. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा नववा अंक एक नाही. १९६३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या मालिकेतला नववा, ज्यात इलेक्ट्रो पहिल्यांदा येतो, तो निराळा. १९९९ मध्ये पुन्हा एकपासून मोजायला लागले, त्यातला निराळा. एप्रिल २०१४ मध्ये परत एकपासून सुरुवात केली, त्यातला नववा तुला हवा आहे. आणि २०१५ मध्ये आणखी एकदा पहिला अंक! आपल्या पत्त्याचंच बघ. काकांच्या जुन्या कागदांवर 'वसई, जि. ठाणे' आणि तुझ्या पासपोर्टवर 'जि. पालघर'. गाव तेच, गल्ली तीच, पण १ ऑगस्ट २०१४ च्या अलीकडचा कागद की पलीकडचा, हे पाहिल्याशिवाय काही उलगडत नाही. अंकाचंही तसंच. तू घेतलं आहेस त्या मार्व्हल अनलिमिटेडमध्ये प्रत्येक मालिकेच्या नावापुढे वर्ष लिहिलेलं असतं. आधी ते वाचायचं, मग बोट लावायचं.

पालघर जिल्हा झाला त्याच महिन्यात 'सुपीरियर स्पायडर-मॅन'चा बत्तिसावा अंक निघाला, आणि तुझ्या तक्त्यात सर्वांत जास्त बाण याच अंकाभोवती आहेत. तुझा गोंधळ होणं साहजिक आहे. ही मालिका एप्रिलमध्ये एकतिसाव्या अंकाला संपली होती. डॉक्टर ऑक्टोपस म्हणजे ऑटोने पीटरचं, म्हणजे मूळ स्पायडरमॅनचं, शरीर बळकावलं होतं, ते शेवटी पीटरला परत मिळालं, आणि गोष्ट मिटली. मग चार महिन्यांनी बत्तिसावा कुठून आला? तर एकोणिसाव्या अंकाच्या सुमारास ऑटो थोडा वेळ काळाच्या बाहेर फेकला गेला होता, आणि त्या मधल्या वेळात त्याने काय केलं ते बत्तीस-तेहतीसमध्ये सांगितलंय. म्हणजे या ऑटोला स्वतःचा शेवट ठाऊकच नाही. पीटर समोर येतो तेव्हा हा त्याला आपल्या आधीच्या काळातला पोरगा समजतो, आणि पीटरला मात्र सगळं माहीत. मुख्य गोष्टीतला मला आवडलेला भाग हाच. दोघे एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा एकजण हरलेला आहे आणि त्याला ते कळलेलं नाही.

आता तूच ठरव, बत्तिसावा कुठे ठेवायचा? घडलेल्या क्रमाने लावशील तर एकोणिसाव्याच्या पोटात जाईल आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. निघाला त्या क्रमाने वाचलास तर ऑटोचा शेवट तुला ठाऊक असतो आणि त्याला नसतो, आणि मग त्याच्या प्रत्येक फुशारकीला धार येते. म्हणून जिथे शंका येईल तिथे छापून आलेला क्रम धर. घटनांचा क्रम लावू नकोस.

हे नवीन नाही. १९८४ मध्ये मार्व्हलने 'सीक्रेट वॉर्स' काढलं, बारा अंकांचं. त्याचा पहिला अंक आणि 'अमेझिंग'चा २५२ वा, दोन्हींवर महिना मे. आणि त्या २५२ व्यात स्पायडरमॅन युद्धावरून परत आलेला, अंगात काळा पोशाख! युद्ध तर अजून सुरू होतंय. पोशाख त्याला मिळाला कुठे, हे 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकात आलं, त्यावर महिना डिसेंबर. मधले महिने वाचणारी पोरं तर्क लढवत राहिली. आता कोणी शहाणा आठवा अंक आधी वाचायला सांगतो, म्हणजे सगळं 'बरोबर' होतं. बरोबर होतं आणि कोडंच निघून जातं.

मुख्य सात अंक वाचताना जवळ एक वही ठेव, ती मोबाइलमध्ये नको, कागदाची. कुणी एखादा एका अंकात बाहेर पडतो आणि पुढे भलत्याच अवस्थेत परत येतो, असं दिसलं की नाव टिपून ठेव. पुढे जा. सात अंक झाले की त्या नावांच्या मागे लाग. केन म्हणून पीटरचा एक क्लोन आहे. मुख्य गोष्टीत तो अचानक अक्राळविक्राळ होऊन शत्रूच्या घरात घुसतो, आणि तू म्हणशील हे काय. त्याचं उत्तर 'स्कार्लेट स्पायडर्स'च्या तीन अंकांत आहे. शत्रू मेले तरी पुन्हा का उभे राहतात आणि तो प्रकार कोणी, कोणत्या किमतीवर थांबवला, तेही तिथेच. काय किंमत ते सांगत नाही. मला विचारशील तर आडवाटांमधली हीच एक न चुकवण्यासारखी.

'स्पायडर-वुमन'चे पहिले चार अंक शत्रूच्या जगातल्या हेरगिरीचे. ठीक आहेत. पण गंमत अशी की पाचव्यापासून ती मालिका स्पायडर-व्हर्समधून सुटते, बाई नवा पोशाख घालते आणि एकदम श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं. पहिले चार कंटाळवाणे वाटले म्हणून पाचवा सोडू नकोस. '२०९९'चे सहा ते आठ मागे ठेव, राहिले तरी चालतील. 'टीम-अप'चे तीन आणि नुसत्या 'स्पायडर-व्हर्स' नावाचे दोन, हे एखाद्या रविवारी कपडे धुवायला टाकलेस की मशीनसमोर बसून वाचण्याजोगे.

'एज ऑफ स्पायडर-व्हर्स'चे पाच अंक सप्टेंबर-ऑक्टोबर २०१४ चे, म्हणजे मुख्य गोष्टीच्या आधीचे. तू तक्त्यात ते अगदी वर घातले आहेस. नियमाने बरोबर. मी तरी सात अंकांनंतरच वाचायला सांगेन, कारण त्यांतली माणसं गर्दीत भेटली की मगच त्यांची घरं बघावीशी वाटतात. (छापील क्रम धर म्हणाले आणि इथे स्वतःच मोडतेय, हे तू पकडशीलच. एवढी एक सूट घे.) दुसरा अंक ग्वेन स्टेसीचा. कोळी पीटरऐवजी तिलाच चावला असता तर, अशी कल्पना. सिनेमातली ग्वेन तिथून आली. पाचवा पेनी पार्करचा, लहान मुलगी आणि तिचा तो यंत्रमानव. पहिला जुन्या काळातल्या नुआर स्पायडरमॅनचा.

आणि पवित्र, आपला भारतीय स्पायडरमॅन. तू मुळात ज्याच्यासाठी हे सगळं वाचायला घेतलंस तो. २०२३ च्या जूनमध्ये आपण स्पायडर-व्हर्सचा सिनेमा बघितला तेव्हा मुंबॅटनच्या रस्त्यावरची गर्दी बघून तू खुर्चीत उड्या मारत होतीस. तो सिनेमा आपल्याकडे दहा भाषांत लागला होता, त्यात मराठीसुद्धा. पण पवित्र त्याच्या कितीतरी आधीचा आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो आणला, चार अंकांत. खेड्यातला मुलगा शिष्यवृत्ती मिळवून मुंबईत शिकायला येतो, भीम काका आणि माया काकू, मीरा जैन, आणि राक्षस झालेला नलिन ओबेरॉय. शक्ती त्याला एका योग्याकडून मिळते, आणि धोतर नेसून तो मुंबईच्या इमारतींवरून झोके घेतो. सिनेमातला पवित्र केस उडवत हसत-खेळत फिरतो. हा तसा नाही, हा बुजरा आहे, नव्या शहरात बावचळलेला. तू गेल्या वर्षी विमानतळावर जशी उभी होतीस, तसाच काहीसा.

त्याचे चार अंक कशाच्याही आधी किंवा नंतर वाच, काही अडत नाही. ती गोष्ट स्वतःपुरती पुरी आहे. खरं सांगायचं तर स्पायडर-व्हर्समध्ये त्याच्या वाट्याला फारसं काही आलेलं नाही. 'सुपीरियर'च्या त्या बत्तीस-तेहतीसमध्ये ऑटो ज्यांना गोळा करतो त्यांत तो आहे, मग गर्दीत दिसत राहतो. त्याच्या एका चौकटीसाठी तू पंधरा अंक विकत घेऊ नयेस म्हणून आधीच सांगून ठेवते. २०२३ मध्ये निकेश शुक्ला यांनी त्याचे वेगळे पाच अंक लिहिले, ते मिळाले तर बघ.

मॉर्लनबद्दल तू विचारलंस, तो आधी कुठे आला होता. २००१ मध्ये, 'अमेझिंग'च्या दुसऱ्या मालिकेत, अंक तीस ते पस्तीस. लेखक स्ट्राझिन्स्की, चित्रं धाकट्या जॉन रोमिटाची. तिथे तो एकटाच असतो, घराणं-बिराणं काही नाही, आणि म्हणूनच जास्त भयंकर वाटतो. सूट-बूट घातलेला, सभ्य बोलणारा माणूस शांतपणे मागे लागतो आणि थकतच नाही. ते सहा अंक मला स्पायडर-व्हर्सपेक्षा सरस वाटले. पण ते नंतर. आत्ता त्यांच्या मागे गेलीस तर त्यांच्याही मागचं काहीतरी सापडेल आणि तू १९६३ पर्यंत उतरत जाशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पैशाचं. ताईला हे सांगू नकोस, पण तक्त्यातल्या एका रकान्यात तू किमती लिहिल्या आहेस आणि मी बेरीज केली. अशा प्रसंगांना इतक्या फांद्या फुटतात त्या वाचणाऱ्याच्या भल्यासाठी फुटत नाहीत. एरवी जी मालिका तू हातात धरली नसतीस ती एका टिपेपायी घ्यावीस, एवढाच त्यातला हिशोब. कंपनीने तो केला तर केला, आपण त्याला बळी का पडायचं? सुटे अंक एकेक करून घेण्यापेक्षा एकत्र बांधलेला संग्रह बघ. त्यात संपादकांनी क्रम लावून ठेवलेला असतो, तुझे बाणही वाचतील. आणि विकत घेण्याआधी तुमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन विचार. तिकडच्या वाचनालयांत कॉमिक्सला वेगळी कपाटं असतात असं दादा सांगतो. काउंटरवरच्या बाईंशी दोन शब्द बोल. तेवढंच दिवसातून एका माणसाशी बोलणं होईल, आणि जर्मनही सुधारेल. मला यातलं दुसरं कारण दाखवायचं आहे आणि पहिलं महत्त्वाचं आहे, हे तुला कळलंच असेल.

दादाचे अंक लोखंडी कपाटात सुखरूप आहेत. पावसात खालच्या खणाला ओल आली होती म्हणून वरच्या खणात हलवले. यंदाही रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, दोन दिवस दूध नाही. काकांनी आता नवीन खूळ काढलंय, गाडी रो-रोत घालून भाईंदरला जायचं आणि काही काम नसताना परत यायचं. म्हणतात, ट्रेनने सारी उमर गेली, आता बोटीतून हवा खातो. मी एकदा गेले, छान वाटलं, पण त्यांना सांगितलेलं नाही.

तुझ्यासाठी सुकेळी घेऊन ठेवली आहेत. यंदा राजेळी चांगली आली होती, सुकेळी मधासारखी झाली आहेत. पुढच्या महिन्यात शेजारची मुलगी तिकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवते. सगळी एकटीने रात्री जागून संपवू नकोस, मैत्रिणींना दे. त्यांनाही कळू दे वसईचं केळं काय असतं ते.

तर आज रात्री काय करायचं, परत सांगते. तक्ता बंद. दिवा नीट लाव, डोळ्यांवर ताण देऊ नकोस. नववा अंक उघड. ऑलिव्हिए क्वापेलची चित्रं आहेत, घाईने पानं उलटू नकोस, मागे कोण कोण उभं आहे ते बघ. एक अंक, जमलं तर दोन, आणि झोप. पुढचा उद्या. आठवड्याभरात सात होतात. मग मला कळव, वहीत कुठली नावं टिपलीस. मी माझ्या वेळची वही काढून ठेवली आहे. आपली दोघींची यादी किती जुळते ते बघू. दादाची नि माझी अजिबात जुळली नव्हती.

ताईला फोन कर. तिला कॉमिक्सचं सांग, लपवू नकोस. पैशाचं मात्र मी सांभाळून घेईन.

तुझी,
मावशी

ता. क. 'एज'चा चौथा अंक राहिलाच सांगायचा. पॅटन पार्नेल नावाच्या मुलाचा. भुताखेतांपेक्षा वाईट आहे, पोटात ढवळतं. तो दिवसाढवळ्या वाच, जेवणाआधी. रात्री वाचलास आणि झोप उडाली तर तुमचे अकरा म्हणजे आमचे पहाटेचे साडेतीन, फोन काकाच उचलतील, आणि मग ते तुला वेताळ कसा श्रेष्ठ होता हे उजाडेपर्यंत समजावतील.